उतारवयातील शरीररेषेची शस्त्रक्रिया : निर्णयाआधीचा हिशेब

वजन उतरते, पण कातडी मागे राहते. आहार-व्यायामाने, बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेने किंवा अलीकडे आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनांनी ज्यांनी पंचवीस-तीस किलो वजन घटवले आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. बेंबीखाली लोंबणारी घडी मांड्यांवर टेकते, तिच्या आत घाम साचतो, पावसाळ्यात तेथे बुरशी धरते, परकराची नाडी घडीच्या वर बांधावी की खाली हा रोजचा प्रश्न होऊन बसतो. तिशीतील कातडी काही प्रमाणात आवळून येते. साठीनंतर तिच्यातील ताण कमी झालेला असतो, म्हणून ती आवळत नाही. मग कोणी तरी ‘टमी टक’ हा शब्द उच्चारतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘या वयात हे कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘आयुष्यभर सगळ्यांसाठी केलेत, आता स्वतःसाठी करा.’

आपण यांपैकी कोणत्याही तटात असलात, तरी हा लेख आपल्यासाठीच आहे. शस्त्रक्रिया करावी की करू नये, हे येथे सांगावयाचे नाही. ती करावयाची झाल्यास प्रकृतीचा आणि पैशांचा हिशेब कसा मांडावा, एवढेच सांगावयाचे आहे. हे दोन हिशेब निरनिराळे आहेत असे आपण समजतो. प्रत्यक्षात वय जितके अधिक, तितके ते एकमेकांत गुंतलेले असतात.

नेमके काय करावयाचे आहे?

‘चरबी काढून टाकतात’ या एका वाक्यात लोक दोन-तीन वेगवेगळ्या शस्त्रक्रिया गुंडाळून टाकतात आणि खर्चाच्या गोंधळाला तेथूनच सुरुवात होते. लायपोसक्शनमध्ये बारीक नळीने कातडीखालची चरबी ओढून घेतात. कातडी जशीच्या तशी राहते. तरुण रुग्णात ती नंतर आकसते. सत्तरीच्या रुग्णात चरबी गेली की रिकामी पिशवी लोंबावी तशी ती लोंबते. म्हणून उतारवयात नुसत्या लायपोसक्शनवर समाधान मानणारे थोडेच. दुसरी शस्त्रक्रिया केवळ लोंबणारी घडी कापून काढण्याची. तिला पॅनिक्युलेक्टमी म्हणतात. तिसरी ॲबडोमिनोप्लास्टी, म्हणजेच टमी टक. तिच्यात कातडी काढण्याबरोबर पोटाचे सैल पडलेले स्नायू शिवून घट्ट करतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. दुसरी तुलनेने छोटी, तिसरी मोठी. पुरळ, दुर्गंधी आणि चालताना होणारे घर्षण एवढीच तक्रार असेल, तर पुष्कळदा दुसरी पुरते. सल्ला घ्यावयास जाल तेव्हा ‘मला टमी टक करावयाची आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘मला हा त्रास आहे’ असे सांगावे. त्रासावरून शस्त्रक्रिया ठरावी. शस्त्रक्रियेच्या नावावरून त्रास शोधू नये.

एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. लायपोसक्शन हा वजन किंवा मधुमेह कमी करण्याचा उपाय नव्हे. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती जी चरबी साठते, तीच हृदयाला आणि साखरेला अधिक बाधते. तेथपर्यंत ही नळी जात नाही. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लठ्ठ स्त्रियांची मोठ्या प्रमाणावर चरबी काढूनही इन्सुलिनच्या कार्यात सुधारणा आढळली नाही. ‘पोट काढले की शुगरची गोळी सुटेल’ असे कोणी सांगत असेल, तर तेथून उठून यावे, हे उत्तम.

प्रकृतीचे अंदाजपत्रक

पैशांच्या आधी शरीराची शिल्लक पाहावी लागते. वजन किमान सहा महिने स्थिर असले पाहिजे. बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली असल्यास तिच्यानंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबण्याचा संकेत आहे. वजन उतरत असताना कातडी काढली, तर पुढे ती पुन्हा सैल होते आणि खर्च वाया जातो. अशा रुग्णांत प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता वारंवार आढळते; प्रथिने कमी असली की जखम भरत नाही. रक्तातील अल्ब्युमिनची तपासणी स्वस्त आहे, आणि ती टाळल्याने होणारे नुकसान फार महाग.

मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आधी व्हावी. ती आठच्या वर असेल तर बहुतेक जाणते शल्यविशारद तारीख देत नाहीत. देत असतील, तर ‘का देता?’ असे आपणच विचारावे. तंबाखूचे तसेच. धूम्रपान किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद हवे, हे सर्वांना ठाऊक असते. पण आपल्याकडे पुष्कळ वडीलधाऱ्या स्त्रिया मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत मोजतच नाहीत. डॉक्टरही विचारीत नाहीत, कारण समोर नऊवारीतली आजी बसलेली असते. निकोटीन कोणत्याही वाटेने आत गेले तरी कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतेच. परिणामी जखमेची कड काळी पडून सडते. मशेरी, तपकीर, पानातील तंबाखू, सारे सांगून टाकावे.

सर्वांत गंभीर धोका पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा आहे. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये हा धोका पोटाच्या शस्त्रक्रियेत सर्वाधिक मानला जातो. तो मोजण्यासाठी कॅप्रिनी गुणांकन वापरतात. ६१ ते ७४ या वयोगटाला दोन गुण, ७५ आणि त्यापुढील वयाला तीन, पाऊण तासाहून लांबणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेला दोन, स्थूलतेला एक. म्हणजे सहासष्ट वर्षांच्या, अजून काहीशा स्थूल असलेल्या स्त्रीचे इतर काहीही आजार नसताना पाच गुण होतात, आणि पाच ही धोक्याची वरची पायरी समजली जाते. पूर्वी गुठळी झालेली असणे, कर्करोग किंवा कुटुंबात असा इतिहास असणे, यांनी गुण आणखी वाढतात. ‘माझे कॅप्रिनी गुण किती, आणि त्यासाठी आपण काय करणार?’ हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा. उत्तरात पाय दाबणारे यंत्र, त्याच संध्याकाळपासून चालणे आणि आवश्यक तेथे रक्त गोठू न देणारी इंजेक्शने यांचा उल्लेख यावयास हवा.

औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी आणि तीत काहीही गाळू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे. हृदयात स्टेंट असल्यास तर विशेषच. केव्हा थांबवावयाचे आणि थांबवावयाचे की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद या दोघांनी मिळून ठरवावयाचे असते. मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेआधी सुमारे तीन दिवस बंद ठेवतात. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडचे इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला ते कळलेच पाहिजे, कारण त्याने जठर उशिरा रिकामे होते आणि उपाशी असूनही भुलीत उलटी फुप्फुसात जाण्याची भीती राहते. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, शेजारणीने दिलेला काढा, हेसुद्धा यादीत यावे.

आणि मोह एका गोष्टीचा टाळावा : ‘एकाच भुलीत पोट, दंड आणि मांड्या उरकून घेऊ, खर्च वाचेल.’ शस्त्रक्रियागृहाचे भाडे वाचते हे खरे. परंतु भुलीचे तास वाढले की गुठळीचा, रक्तस्रावाचा आणि शरीर थंड पडण्याचा धोका वाढतो. साठीपुढे टप्प्याटप्प्यानेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांचे अंदाजपत्रक

आपल्या हाती पडतो तो आकडा बहुधा ‘पॅकेज’चा असतो. त्यात काय आहे याहून काय नाही, हे अधिक महत्त्वाचे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साताऱ्यातील सहासष्ट वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिका पुण्यात टमी टक करून घेऊ इच्छितात. रुग्णालयाने शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि दोन दिवसांची खोली मिळून २,१०,००० रुपये सांगितले आहेत. दर शहराशहरांत आणि रुग्णालयारुग्णालयांत बदलतात. हे आकडे केवळ मांडणी दाखविण्यासाठी आहेत.

पहिली भर पडते ती वस्तू व सेवा कराची. रुग्णसेवेला हा कर नाही, असे आपण ऐकून असतो, आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु केशरोपण आणि सौंदर्य किंवा प्लास्टिक सर्जरी यांना ही माफी नाही. अपवाद जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्याचा. वजन उतरल्याने लोंबलेली कातडी या यादीत सरळ बसत नाही. म्हणून १८ टक्के कर लागेल असे धरूनच चालावे. तो होतो ३७,८०० रुपये. पॅकेजच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असे लिहिलेले असते ते हेच.

आता पॅकेजबाहेरचे पाहू. रक्ततपासण्या, ईसीजी, टू-डी एको, छातीचा एक्स-रे आणि फिजिशियनची भेट : १२,०००. दाब देणारे खास पट्टे दोन, एक धुण्यात आणि एक अंगावर : ६,०००. घरी आल्यावरची औषधे, इंजेक्शने, ड्रेसिंग : ९,०००. सातारा-पुणे गाडीच्या चार फेऱ्या आणि सोबतच्या माणसाचा मुक्काम : १८,०००. वीस दिवस दिवसपाळीची शुश्रूषिका किंवा मावशी, रोज हजार रुपये : २०,०००. हे झाले ६५,०००. कर धरून पॅकेज २,४७,८००. एकूण ३,१२,८०० रुपये.

हिशेब येथे संपत नाही. जखमेखाली पाणी साचणे ही या शस्त्रक्रियेतील अगदी नित्याची गोष्ट. ते सुईने काढावे लागते, कधी कधी अनेकदा. जखमेची कड उसवणे, संसर्ग होणे, क्वचित पुन्हा भरती व्हावे लागणे, यासाठी एकूण खर्चाच्या चौथा हिस्सा, म्हणजे ७८,२०० रुपये, वेगळा काढून ठेवावा. बेरीज ३,९१,००० होते. जाहिरातीतला आकडा दोन लाख दहा हजारांचा, आणि बाजूला ठेवावयाची रक्कम जवळजवळ चार लाखांची. ही चार लाखांची रक्कम उभी राहत नसेल, तर दोन लाख दहा हजार हाती असूनही आपल्याला ही शस्त्रक्रिया परवडत नाही, असेच समजावे. गुंतागुंत झाल्यावर पैशांसाठी फोन फिरवीत बसण्याची वेळ आजारी माणसावर येऊ नये.

ही रक्कम कोठून आणावयाची? बहुतेक ज्येष्ठांचा पैसा मुदत ठेवीत किंवा पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असतो. पोस्टाच्या या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही. ते पूर्णच बंद करावे लागते. एक वर्ष झाल्यावर पण दोन वर्षांच्या आत बंद केल्यास ठेवीच्या दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कपात होते. म्हणजे चार लाखांसाठी पंधरा लाखांचे तीन वर्षे जुने खाते मोडले, तर पंधरा हजार रुपये कपातीतच गेले, आणि दर तिमाहीला घरात येणारे व्याज थांबले ते निराळेच. त्यापेक्षा बँकेतील ठेवीवर कर्ज घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. त्याचा दर ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्केच अधिक असतो. रुग्णालयाच्या स्वागतकक्षातच मिळणारे ‘बिनव्याजी हप्ते’ घेताना प्रक्रिया शुल्क आणि एक हप्ता चुकल्यास लागणारा दंड लेखी विचारावा. क्रेडिट कार्डावर ही रक्कम थकवणे तर कधीच करू नये; महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज म्हणजे काय, हे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आणि हृदय, गुडघे, डोळे यांच्यासाठी राखून ठेवलेल्या पैशाला हात लावून पोटाची शस्त्रक्रिया करू नये. मोतीबिंदू वाट पाहत असेल तर आधी मोतीबिंदू.

मुले परदेशात असतील आणि ‘पैशांची काळजी करू नका’ म्हणत असतील, तरीही हा तक्ता त्यांना पाठवावा. पैसे येतात, वीस दिवस सोबतीला राहणारे माणूस डॉलरमध्ये पाठवता येत नाही.

विम्याची रेषा

प्लास्टिक सर्जरीचा इतिहास आपल्या पुण्याशीही जोडलेला आहे. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने कावसजी नावाच्या मराठी माणसाची हकीकत छापली. इंग्रज सैन्यात बैल हाकणाऱ्या या माणसाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते आणि पुण्याकडील एका कारागिराने कपाळावरची कातडी उतरवून त्याला नवे नाक बसवून दिले होते. ती वाचूनच युरोपातील शल्यविशारद या विद्येकडे वळले. गमावलेले परत देणे आणि असलेले अधिक देखणे करणे, या दोहोंतील रेषा तेव्हाही होती. आज ती विम्याच्या कागदावर उमटली आहे.

आपल्याकडील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्य आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. अपवाद अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा. तसेच आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले असेल त्याचा. स्तनाच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना या अपवादात बसते, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते आणि हक्काचा दावा केला जात नाही. पोटाच्या घडीबाबत मात्र फार आशा बाळगू नये. घडीखाली वारंवार होणारा संसर्ग, त्वचारोगतज्ज्ञाची काही महिन्यांची चिठ्ठी-औषधे, तारखेसह छायाचित्रे, असा पुरावा असेल तर विचारून पाहावे. परंतु उत्तर लेखी आणि शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावे. एजंटचे ‘होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे.

बेंबीजवळ हर्निया असल्यास स्थिती थोडी वेगळी. हर्निया हा आजार आहे आणि त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च बहुतेक विम्यांत बसतो. एकाच वेळी हर्निया दुरुस्त करून कातडीही काढावयाची असेल, तर रुग्णालयाकडून दोन स्वतंत्र बिले मागावीत : एक हर्नियाचे, एक सौंदर्याच्या भागाचे. ‘सगळेच हर्नियात दाखवू’ असे कोणी सुचवले तर ते नाकारावे. ही फसवणूक ठरते, आणि ती उघडकीस आल्यास पॉलिसीच रद्द होऊ शकते. सत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी मिळवणे किती जड जाते, हे वेगळे सांगावयास नको. पोटाचे स्नायू मधोमध नुसतेच दूर झालेले असतील तर तो हर्निया नव्हे. सोनोग्राफीत हा फरक कळतो.

आणखी एक गोष्ट विमा कंपनीला आधीच विचारावी : विम्याबाहेरच्या या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन अतिदक्षता विभागात जावे लागले, तर तो खर्च मिळेल का? उत्तर नकारार्थी आले, तर वर सांगितलेला चौथा हिस्सा वाढवून धरावा. दावा अन्याय्यपणे नाकारला गेल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते; मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत. सत्तरीनंतर मिळणाऱ्या आयुष्मान कार्डावर सौंदर्यशस्त्रक्रिया होत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

कोणाच्या हाती द्यावे?

‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी कोणीही लावू शकतो, एम.सीएच. किंवा डी.आर.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी मात्र शिकूनच मिळवावी लागते. पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतील नोंदणी पाहून घ्यावी. त्याहून माझ्या मते महत्त्वाचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या जागेचा आहे. तेथे अतिदक्षता विभाग आहे का? पूर्णवेळ भूलतज्ज्ञ हजर असतो का? रात्री दोन वाजता दम लागला तर कोण येणार? व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावरील चकचकीत दालन तिशीतल्या माणसाला चालून जाईलही. उच्च रक्तदाबाच्या सत्तरीतल्या माणसाने तेथे जाऊ नये, मग पॅकेज कितीही स्वस्त असो.

संमतिपत्र रुग्णाने स्वतः, आपल्या भाषेत समजून घेऊन, आदल्या दिवशी वाचून सही करावयाचे असते. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. जिवावरचा प्रसंग सोडून. तेव्हा ‘आत गेल्यावर दंडही करून टाकले’ हे चालत नाही. मुलाने सही केली म्हणजे आईची संमती झाली, असेही नाही. ती शुद्धीत आणि समजत्या मनाने आहे तोवर तिचीच सही, तिचाच होकार आणि तिचाच नकार. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजेत, असा नियम आहे. तो लक्षात ठेवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. होकार कोठून येतो आहे तेही पाहावे. जोडीदार जाऊन वर्षही झालेले नाही, झोप उडाली आहे, आणि एकाएकी शरीराविषयी तिरस्कार वाटू लागला आहे, असे दिसले तर शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलून आधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी. विसरभोळेपणा वाढत असेल तरी तसेच. मात्र ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्यांच्या इच्छेची थट्टा करू नये. घडीखालच्या दुर्गंधीच्या संकोचाने देवदर्शनाला आणि लग्नाला जाणे सोडून दिलेल्या बाईला ‘तुला कोण बघायला येणार आहे?’ असे विचारणे हा विनोद नव्हे.

घरी आल्यावरचे सहा आठवडे

तारीख ठरविताना पंचांगाआधी कॅलेंडर पाहावे. नातवाच्या लग्नाच्या महिनाभर आधी ही शस्त्रक्रिया करावयाची नसते. सूज उतरून आकार स्थिर होण्यास कित्येक महिने लागतात आणि लग्नात फोटोसाठी उभे राहतानाही पोटाला पट्टा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो पट्टा दिवस-रात्र घालणे म्हणजे शिक्षा. दिवाळी उरकल्यानंतरचे थंडीचे दिवस सर्वांत सोयीचे.

पहिला आठवडा कमरेत वाकूनच चालावे लागते, कारण टाके ताणले जातात. सपाट झोपता येत नाही. पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा लागतात. जमिनीवर मांडी घालून बसणे, खाली वाकून लादी पुसणे, भारतीय पद्धतीच्या शौचकुपात उकिडवे बसणे, हे सारे बंद. घरात कमोड नसेल तर त्यावर ठेवण्याची खुर्ची आधीच आणावी. तिचा खर्च तक्त्यात धरावा. पोटातून बाहेर आलेल्या नळ्यांना जोडलेल्या बाटल्यांत रोज किती द्रव आला, ते वहीत लिहावे लागते. हे काम कोण करणार, ते आधी ठरवावे. चार-पाच किलोंहून अधिक वजन सहा आठवडे उचलावयाचे नाही : पाण्याची कळशी नाही, गव्हाचा डबा नाही, नातवंडही नाही. वरच्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात राहत असाल तर पहिले दोन आठवडे खाली राहणाऱ्या नातलगाकडे काढण्याचा विचार करावा.

एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, ताप चढला किंवा जखमेची कड काळी दिसू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. शल्यविशारदाचा रात्रीचा क्रमांक आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा पत्ता भिंतीवर चिकटवून ठेवावा.

हे सारे वाचून आपण ‘नको’ असे ठरविले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. घडीखालची कातडी दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुऊन, रगडून नव्हे तर टिपून कोरडी करावी. मध्ये जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. लाली किंवा खाज आली तर त्वचारोगतज्ज्ञाने दिलेले बुरशीविरोधी मलम पूर्ण मुदतीपर्यंत लावावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे तेथे अजिबात लावू नयेत, त्यांनी बुरशी दबते आणि पुन्हा दुपटीने उसळते. घडी वर उचलून धरणारा सैलसर आधारपट्टा आणि पाठीचे, पोटाचे हलके व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले, तर कमरेचे दुखणेही पुष्कळ हलके होते. प्रत्येक वेळी पुरळ उठल्यावर तारखेसह एक छायाचित्र काढून चिठ्ठीबरोबर फाईलला लावावे. वर्षभराने मत बदललेच, तर विमा कंपनीपुढे ठेवण्यास तीच फाईल उपयोगी पडते.